सिस्टीम घेत नाही

दुकानात माझं उभं आयुष्य गेलं, हे अगदी शब्दशः खरं आहे, कारण बसायला खुर्ची नसायची. आधी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साड्यांच्या दुकानात, मग शहराबाहेर झालेल्या मॉलमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममध्ये. तिथं शेवटची बरीच वर्षं मी ‘कस्टमर सर्व्हिस’ अशी पाटी लावलेल्या टेबलामागं काढली. म्हणजे लोक खरेदी करून हसत बाहेर पडायचे ते दुसऱ्या दाराने, आणि चिडून परत यायचे ते माझ्याकडे. नोकरी संपल्यावर आता शनिवारी एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रात जाते. तिथं खुर्ची आहे.

त्यामुळे ओळखीतलं कुणी दुकानात अपमान झाला, माल खराब निघाला, कुणी दाद देईना की मला फोन करतं. अपेक्षा अशी असते, की मी एखादं खणखणीत वाक्य सांगेन आणि ते ऐकून दुकानदार चळचळा कापेल. तसं वाक्य नाही. मी एवढंच विचारते, तुम्ही भांडलात ते कुणाशी? कारण दुकानात ‘नाही’ म्हणायचा अधिकार प्रत्येकाला असतो. दारातल्या वॉचमनलासुद्धा. ‘हो’ म्हणायचा अधिकार मात्र एखाददुसऱ्यालाच, आणि तो माणूस सहसा तुमच्यासमोर नसतो.

एका फ्रिजची गोष्ट सांगते. निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी, दिवाळीच्या गर्दीत फ्रिज घेऊन गेले. घरी लावला तर वर बर्फ आणि खाली दूध नासलेलं. काका दुसऱ्याच दिवशी आले आणि ज्या मुलाने फ्रिज विकला त्याला शोधू लागले. “काका, काही झालं तर मी आहे ना,” असं तो म्हणाला होता. तो नव्हता. त्याला कंपनीने दुसऱ्या शोरूममध्ये पाठवला होता. इथंच बहुतेक गिऱ्हाइकांना पहिली ठेच लागते. शोरूममध्ये एकेका कंपनीचा टी-शर्ट घालून उभी असलेली मुलं शोरूमचे नोकर नसतात. त्यांना म्हणतात प्रमोटर. त्यांचा पगार त्या त्या कंपनीकडून, तोही बहुधा मधल्या एखाद्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत. महिन्याला अमुक इतके नग विकले गेले पाहिजेत हे त्यांचं टार्गेट. ते स्टँड फुकट देतात, इन्स्टॉलेशन फुकट देतात, एक वर्ष वॉरंटी वाढवून देतात, सगळं तोंडी. बिल मात्र शोरूमचं. घरी माल पोचवणारा टेम्पो तिसऱ्याचा आणि दुरुस्तीला येणारा माणूस चौथ्याचा, कारण कंपनीचं सर्व्हिस सेंटरही पुष्कळदा ठेक्यावर दिलेलं असतं. गिऱ्हाइकाला वाटतं, आपण एका दुकानाशी व्यवहार केला. प्रत्यक्षात चौघांशी केलेला असतो आणि चौघांनाही बाकीच्या तिघांकडे बोट दाखवायची सोय असते.

काका माझ्याकडे आले. माझ्या स्क्रीनवर त्यांचा फ्रिज ‘डिलिव्हर्ड’ म्हणून हिरव्या रंगात दिसत होता. माल परत घ्यायचा तर कंपनीच्या माणसाने तो येतानाच बिघडलेला होता असं लिहून द्यायचं, तेही बिलापासून सात दिवसांत, हा आमच्याकडचा नियम. काकांनी कंपनीला फोन केला. दिवाळीच्या सुट्ट्या. माणूस नवव्या दिवशी आला, फ्रिजच्या मागे हात घालून म्हणाला, गॅस कमी आहे, भरून देतो. कोऱ्या फ्रिजमध्ये गॅस भरला आणि कागदावर लिहिलं, ‘समस्या दूर केली’. दोन दिवसांनी खालचा कप्पा पुन्हा गरम. काका पुन्हा माझ्यासमोर. मी रिटर्नचा अर्ज भरला आणि खाली तांबडी ओळ उमटली, मुदत संपली आहे.

“सिस्टीम घेत नाही, काका.”

हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही. ते खोटं नसायचं. मुदतीनंतर परतीसाठी एक कोड लागायचा आणि तो मुंबईच्या विभागीय कार्यालयातले एक साहेब द्यायचे, ज्यांनी आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाचं तोंड पाहिलं नसेल. काका म्हणाले, “मग तुम्ही इथं कशासाठी बसलाय?” ‘बसले नाही हो, उभी आहे,’ असं अगदी ओठांवर आलं होतं.

काम केलं ते त्यांच्या पत्नीने. त्यांनी हाताने एकपानी पत्र लिहिलं. डावीकडे समासात तारखा, प्रत्येक तारखेपुढे काय झालं ते एका ओळीत, बिल नंबर, मॉडेल नंबर, कंपनीच्या तक्रारीचा नंबर. शेवटी ‘फ्रिज बदलून द्यावा अथवा पूर्ण रक्कम परत करावी’ आणि त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत. संतापाचं एकही विशेषण नाही. एक प्रत आमच्या कंपनीच्या मुख्य कार्यालयाला, एक फ्रिजच्या कंपनीला, दोन्ही रजिस्टर्ड पोस्टाने. चौथ्या दिवशी मला कोड आला. साहेबांचा फोनही आला, “हे आधी का नाही सांगितलं?” मी मेलवर मेल पाठवले होते, पण माझ्या मेलला पोचपावती नव्हती. त्या पत्राची झेरॉक्स मी तेव्हा मागून घेतली. आज केंद्रात येणाऱ्यांना नमुना म्हणून तीच दाखवते, नाव-पत्ता झाकून.

आता यात कायद्याचाही आधार आहे. 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन 2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल तर 30 दिवस धरायचे. बिल न देणं हीदेखील त्याच यादीत. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी अजून शेकडो दुकानांत लटकलेली दिसते. रंग आवडला नाही म्हणून साडी परत घेणं दुकानदारावर बंधनकारक नाही, तेवढ्यापुरती ती पाटी राहू द्या. पण माल सदोष निघाला तर तिचा धाक मानायचं कारण नाही.

आरडाओरडा करून काम होतं का, हा प्रश्न मला हमखास येतो. खरं सांगायचं तर कधी कधी होतं. शनिवारी संध्याकाळी शोरूम भरलेलं असताना कुणी आवाज चढवला, की मॅनेजर धावत येऊन त्याला आतल्या केबिनमध्ये नेतो, चहा मागवतो आणि हजार-पाचशेचं गिफ्ट व्हाउचर हातात ठेवतो. ओरडणाऱ्याला वाटतं आपण जिंकलो. आम्हाला ठाऊक असायचं, की त्याची तोंडाला पानं पुसून बोळवण झाली आहे. बिघडलेला टीव्ही घरी तसाच असायचा आणि व्हाउचर खर्च करायला तो पुन्हा आमच्याच दुकानात यायचा. शिवाय ज्या मुलीवर तो ओरडला तिचं त्या दिवशीचं काम संपलंच. पुढच्या चार गिऱ्हाइकांना तिने काय सेवा दिली असेल ते विचारू नका.

ही मुलं उद्धट का होतात, याचं माझं उत्तर निम्मं पायांत आहे. दहा-दहा तास उभं राहायचं. मॉलमध्ये गिऱ्हाइकांसाठी सोफे, आमच्यासाठी स्टॉकरूममधली उलटी ठेवलेली क्रेट. पाळीच्या दिवसांत मुली आळीपाळीने तिच्यावर पाच मिनिटं टेकून यायच्या, आणि कॅमेऱ्यात दिसलं तर मीटिंगमध्ये बोलणी खायच्या. केरळमध्ये कोझिकोडच्या बाजारपेठेतल्या बायकांनी याच बसण्याच्या आणि स्वच्छतागृहाच्या मुद्द्यावर वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा तिथल्या सरकारने 2018 मध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसायची सोय सक्तीची केली. 2021 मध्ये तमिळनाडूनेही केली. त्या बातमीचं कात्रण मी आमच्या स्टाफरूममध्ये चिकटवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते नव्हतं.

उरलेलं निम्मं उत्तर सकाळच्या मीटिंगमध्ये. शटर वर जायच्या आधी सगळ्यांना गोल उभं करून आकडे वाचले जायचे. काल वॉरंटी किती विकल्या, कर्जावर माल किती गेला, कॅशियरने शंभर बिलांत किती मोबाइल नंबर घेतले. किती गिऱ्हाइकं समाधानाने गेली, हा आकडा त्या यादीत मी कधी ऐकला नाही. बिल करताना कॅशवरची मुलगी नंबरासाठी हटून बसते ती या आकड्यापायी. नंबर दिल्याशिवाय बिलच देत नाहीत अशा तक्रारी वाढल्यावर मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना अशी सक्ती करू नये म्हणून कळवलं. तुम्ही शांतपणे ‘नंबर देणार नाही’ म्हणा. ती मुलगी क्षणभर स्क्रीनकडे बघेल आणि दहा वेळा नऊचं बटण दाबून बिल काढेल. दुकानोदुकानी हे चालतं. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, तिला तो नियम तुमच्यापेक्षा जास्त नकोसा असतो.

पिशवीचंही तसंच. 2018 मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली आणि मोठ्या दुकानांनी त्या निमित्ताने कागदी-कापडी पिशव्यांचे पैसे लावायला सुरुवात केली. दुकानाचं नाव छापलेली पिशवी, म्हणजे त्यांची जाहिरात आपण मिरवायची आणि पैसेही आपणच मोजायचे. आधी न सांगता ऐन बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे आकारणं ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर 2020 मध्ये एका मोठ्या साखळी दुकानाला बजावलं. तरी अजून कॅशवर पोचल्यावरच “पिशवी हवीय का?” असं विचारतात. मी घरून नेते. भांडायला माझ्याकडे याहून मोठे विषय आहेत.

साड्यांच्या दुकानात यातलं काही नव्हतं. सिस्टीम नव्हती, कोड नव्हता, शेठ गल्ल्यावर समोर बसलेले असायचे. म्हणून तिथली सेवा चांगली होती, असं मात्र कुणी समजू नये. तिथला रोग वेगळा. गिऱ्हाईक पायरी चढतानाच आमचे जुने सेल्समन त्याची किंमत करायचे. चप्पल बघायची, हातातली पिशवी बघायची आणि आतल्या पोऱ्याला खुणेने सांगायचं कुठली थप्पी काढायची ती. एकदा दौंडकडचं एक जोडपं बस्ता बांधायला म्हणून आलं, बरोबर लग्नाची मुलगी. बाईंनी वरच्या फळीवरची पैठणी दाखवा म्हटलं. सेल्समनने घडी उचललीच नाही. “बाई, आधी बजेट सांगा. उगाच घड्या मोडायला नकोत.” मुलीने मान खाली घातली. बाई मात्र म्हणाल्या, “बघायला पैसं पडत्यात का?”

सिनेमात अशा वेळी वडील धोतराच्या सोग्यातून नोटांचं पुडकं काढतात. इथं तसं झालं नाही. त्यांनी तीन साध्या साड्या घेतल्या, त्याही घासाघीस करून. सेल्समनचा अंदाज बरोबर होता. ते गेल्यावर तो विजयाने शेठकडे बघायला लागला, तर शेठ म्हणाले, “अंदाज तुझा पोटात ठेवायचा, तोंडात नाही. घड्या घालायचाच पगार आहे तुला.” आणि त्याला ती पैठणी काढून, उलगडून, पुन्हा घडी घालायला लावली. पैठणीची घडी हा सोपा प्रकार नाही. जर मोडता कामा नये, काठावर काठ बसला पाहिजे, पदर वर आला पाहिजे, मध्ये कागद सरकवायचा. तो घाम पुसत ते करत होता आणि आम्ही दुसरीकडे बघत होतो. मला मात्र तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की हे त्या मुलीसमोर व्हायला हवं होतं. ती गेल्यावरची शिक्षा आमच्या शिस्तीसाठी होती, तिच्यासाठी नव्हती.

आता सगळ्यात अलीकडचा प्रकार, जो आमच्या केंद्रात दर आठवड्याला येतो. दुरुस्तीला माणूस येतो, मशीनचं झाकण उघडतो, म्हणतो पार्ट मागवावा लागेल, आणि जाता जाता म्हणतो, “तुमच्या मोबाइलवर एक नंबर आलाय, तेवढा सांगा.” काही कंपन्या या नंबराला चक्क ‘हॅपी कोड’ म्हणतात. तो सांगितला, की कंपनीच्या दप्तरी तुमची तक्रार सुटलेली आणि तुम्ही आनंदात. पार्ट आला नाही म्हणून पुन्हा फोन केला तर नवी तक्रार, नवी तारीख, मागचा हिशेब पुसलेला. त्या माणसालाही किती तक्रारी चोवीस तासांत बंद केल्या यावर पैसे मिळतात, म्हणून तो काकुळतीला येतो. “ताई, द्या ना, माझा कॉल अडकेल.” चहा द्या, पाणी द्या, कोड देऊ नका. मशीन चालू झाल्यावर द्या.

आणि बिल. लोक येतात ते कोरा कागद घेऊन. थर्मल कागदावर छापलेलं बिल असतं, उन्हात, गाडीत, पाकिटात राहिलं की वर्षभरात अक्षरं उडतात. वॉरंटी दोन वर्षांची आणि बिल आठ महिन्यांचं. एका हुशार गृहस्थांनी टिकावं म्हणून लॅमिनेट करून आणलं होतं. थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो, त्यामुळे त्यांच्याकडे प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेली काळी पट्टी होती. तारीख बघायला आम्ही ती खिडकीशी नेऊन बरीच तिरकी केली. शेवटी कार्डाच्या स्टेटमेंटवरून तारीख मिळाली. खरेदी केल्या दिवशी बिलाचा फोटो काढायचा आणि स्वतःलाच पाठवून ठेवायचा, एवढं पुरतं.

आमच्या कोपऱ्यावरचा वाणी बिल देत नाही. पण रव्यात पोरकिडे निघाले तर पुडा दाखवायच्या आधी दुसरा काढून देतो, कारण उद्या सकाळी मी पुन्हा त्याच्यासमोरून जाणार आहे. उगाच गहिवरायचं कारण नाही. हाच वाणी उन्हाळ्यात थंड बाटलीवर दोन रुपये जास्त घेतो आणि म्हणतो, फ्रिजचं बिल तुम्ही भरता का? छापील किंमत ही सगळे कर धरून कमाल किंमत असते. तिच्यावर एक रुपयाही घेता येत नाही, आणि त्याची तक्रार वैधमापन विभागाकडे करता येते. मी त्याला तसं सांगितलं. मला तो आता छापील किमतीत देतो, बाकीच्यांचं माहीत नाही.

ग्राहक आयोगाबद्दल लोकांच्या मनात दोन टोकाच्या कल्पना असतात. एक, तिथं जाऊन उपयोग नाही. दुसरी, गेलं की लाखो रुपये मिळतात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि नव्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पूर्वी दुकान जिथं असेल तिथं धावावं लागे. मुदत दोन वर्षांची. निकाल तीन महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो, पण मी पाहिलेली प्रकरणं त्याहून खूप लांबली. तारखा पडतात, कंपनीचा वकील मुदत मागतो, सदस्यांची पदं रिकामी असतात. म्हणून आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा म्हणून मी सांगते. तो निवाडा नसतो, मध्यस्थी असते, पण तिथली तक्रार कंपनीत कोड देणाऱ्याच्या टेबलावर पोचते, माझ्यासारखीच्या नाही. पुष्कळ प्रकरणं तिथंच मिटतात.

सध्या माझंच एक चालू आहे. वॉशिंग मशीन घेतलं, दाराच्या रबराला पहिल्या महिन्यापासून चीर, माजघर रोज ओलं. दुकानातली मुलगी माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान असेल. तिने स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, “मॅम, सिस्टीम घेत नाहीये.” मी विचारलं, कोड कोण देतं? ती दचकली. इकडंतिकडं बघून हळूच एक मेल पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. त्या पत्त्यावर समासात तारखा घालून पत्र गेलं आहे, 1915 वर नोंद झाली आहे, आणि दुरुस्तीवाला दोनदा येऊन कोड न घेता परत गेला आहे. पंधरा दिवसांची मुदत येत्या गुरुवारी संपते. तोवर रबर आलं नाही तर शनिवारी केंद्रातल्याच कॉम्प्युटरवरून आयोगाकडे तक्रार दाखल करणार आहे. कागद तयार आहेत.